पंचनाम्यात लिहिलेलं घर

नागपूर, ८ सप्टेंबर २०२५

ती. कृष्णमामांस,
गुंजनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचा लेख मिळाला. रागवू नका, पण हे काय पाठवलंत? "घर मातीचे, खोल्या तीन, छत कवेलूचे, परसात आंब्याची झाडे दोन." गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावाची ही स्मरणिका आहे मामा, पंचनामा नाही! दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरेल, त्या दिवशी ती पुनर्वसन वसाहतीतल्या पोरांच्या हाती पडणार. त्यांनी जुनं गाव पाहिलेलंच नाही. तुमच्या ओळी वाचून त्यांना खोल्या मोजता येतील, पण जीव काही हलणार नाही.

वर्गात मी मुलांना सांगते की आधी मनात काय आहे ते ओळखा, मग तशी उपमा शोधा. उदास असाल तर विहीरही वाट पाहत बसते, आनंदात असाल तर तीच विहीर हसते. एवढंच करायचं आहे. पाच ऑक्टोबरपर्यंत लेख छापखान्यात गेला नाही, तर आपल्या घराचं पान कोरं जाईल.

मामीला फोनवर लेखाबद्दल विचारलं, तर तिने धानाची गोष्ट काढली आणि फोन ठेवून दिला. तिचं काय बिनसलंय?

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची गुंजन

कोंढ्याजवळची वसाहत, १५ सप्टेंबर २०२५

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. धान निसवू लागला आहे, लोंब्या दिसताहेत, माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. वीस वर्षं तलाठ्याच्या हाताखाली गावची कोतवाली केली. अक्षर चांगलं म्हणून प्रत्येक साहेबाने पंचनामे लिहायला मलाच बसवलं. दिसेल तेवढं लिहायचं, एक शब्द जास्तीचा पडला की बोलणी खायची. आणि आता म्हातारपणी तू म्हणतेस की विहिरीला हसवा. कशी हसवू, तूच सांग!

तरी नवा मजकूर पाठवतो. "वैनगंगा चांदीच्या पैंजणासारखी रुणझुणत होती. आमचे घर राजमहालासारखे शोभत होते." शेजारच्या मधुकररावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की भाऊ, हे लग्नपत्रिकेत छापा. तुझी मामी जेवता जेवता ताट घेऊन आत निघून गेली. मला तर आता कागद पाहिला तरी चीड येते.

लोभ आहेच, फक्त छळ थोडा कमी कर.
तुझा मामा

नागपूर, २३ सप्टेंबर २०२५

ती. मामांस सा. न.

मधुकररावांचं मी तोंड गोड करणार आहे. राजमहाल तुम्ही कधी पाहिलात? पंचनामा निदान खरा तरी होता. हे वाचून मला काहीच वाटलं नाही, कारण लिहिताना तुम्हालाही काही वाटलं नव्हतं. मी त्या अंगणात खेळले आहे मामा, म्हणून मला जास्त राग येतो. आणि मामीचं काय ते विचारलं होतं, ते तुम्ही सरळ गाळलंत.

रागावले तरी तुमचीच,
गुंजन

वसाहत, १ ऑक्टोबर २०२५

चि. गुंजनला आशीर्वाद.

विचारलंस तर ऐक. बारा वर्षांपूर्वी धरणाच्या मोबदल्यासाठी गावातल्या घरांच्या नोंदी झाल्या, तेव्हा आपल्या घराची नोंदही माझ्याच हातून लिहिली गेली. कोतवालाने स्वतःचं घर वाढवून लिहिलं असं कोणी म्हणू नये, या भीतीने मी लिहिलं, "मोडकळीस आलेले, राहण्यास अयोग्य." आणि पंचांसमोर, अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं. मंदाने, तुझ्या मामीने, त्याच सकाळी भिंती पांढऱ्या मातीने पोतल्या होत्या. त्या दिवसापासून तिने माझ्यापुढे घराचं नाव काढलं नाही.

तुझं पत्र आल्यावर चार कागद फाडले, शेवटी पेनच फेकला. तिला म्हटलं की मले नाही जमत, जाऊ दे थे पान कोरं. तेव्हा ती सैपाकखोलीतून बाहेर आली आणि म्हणाली की कोरं काहून जाईल, लिहा. आपलं घर त्या दिवशी पाहुण्यायपुढे बसवलेल्या पोरीसारखं होतं. मी सकाळपासून सजवलं, अन् तुम्ही बाप असून साऱ्यायच्या समोर तिचं व्यंग वाचून दाखवलं.

मी तसंच्या तसं लिहिलं आहे. अक्षर वाकडं आलं आहे, छापणाऱ्याला समजावून सांग.

लिहून झाल्यावर तिने विचारलं की त्या दिवशी अंगणात वाचताना तुमाले काय वाटून राहिलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ते लेखात घालायचं नाही. ते मी तिलाच सांगितलं.

मंडईला लवकर ये, तुझी वाट पाहणारे आता दोघं आहोत.
तुझे मामा-मामी