मर्सीचा हात कोण धरणार

रवि. २१ एप्रिल ९६
आज चर्चमध्ये मर्सी आणि विल्सनची नावं लग्नासाठी पहिल्यांदा वाचली. तीन रविवार वाचायची असतात. ‘कोणाची हरकत असल्यास उभं राहून सांगावं.’ कोणी उभं राहिलं नाही. उलट टाळ्या! नावं वाचल्यावर टाळ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या. महारवाड्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरात मांगाची सून येते आहे, म्हणून टाळ्या. माझ्या लेकीला नव्हेत, स्वतःलाच. तसे दोघेही वेशीबाहेरचेच, पण वेशीबाहेरही वरची आळी-खालची आळी असतेच.
मर्सी मात्र लाजून चूर. पोर सुखात आहे. बास.

बुध. २४
पाळकसाहेब नगरच्या शिबिरातून समता शिकून आलेत, तेव्हापासून दर बुधवारी ‘समता-अभ्यास’. गोल बसायचं आणि जातीचं पाप कबूल करायचं. आज पंच कमिटीचे थॉमसकाका रडले. “रूथबाई, तुमच्या घरी मी कधी घोटभर पाणी प्यालो नाही.” मग विल्सनची आई, शांताबाई. मग ओळीनं सगळेच. पा.सा. म्हणाले, प्रत्येकाला मोठ्यानं क्षमा करा. केली. घसा बसला. मांगांच्या तिथं आम्ही मायलेकीच, त्यामुळे क्षमेचं सगळं काम आमच्या गळ्यात.
शेवटी चहा मी केला. थॉमसकाकांना नेमकी ॲसिडिटी.

शुक्र. २६
शांताबाई घरी आल्या. पहिल्यांदाच. “विहीणबाई, आमच्या मनात काई न्हाई. पन लोकं...”
विषय दानिएलचा. माझा धाकटा भाऊ. तिसगावला असतो, लग्नात-जत्रेत हलगी वाजवतो. हे गेले तेव्हा मर्सी रांगत होती. दान्याने तिच्यापायी स्वतःचं लग्न लांबवत लांबवत सोडूनच दिलं. बाप नाही, तर मामाच हात धरून वेदीपाशी नेणार, हे आमच्या घरात कधीचं ठरलेलं. शांताबाई म्हणे, “देवीपुढं हलगी बडवनारा मानूस वेदीपाशी कसा चालंल?”
चालेल, म्हटलं. तोंडावर म्हटलं.

रवि. २८
दुसऱ्यांदा नावं वाचली. पा.सा.नी तोडगा काढला, तोही उपदेशात, म्हणजे मला मध्ये बोलता येऊ नये. मर्सीला बाप नाही, तर सारी मंडळीच, म्हणजे अख्खं चर्चच, तिचा बाप. मंडळीतर्फे थॉमसकाका तिचा हात धरतील. केवढं हे ऐक्य! बाया डोळे पुसत होत्या. मासिकात छापायला फोटोही काढणार आहेत.
दान्याचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. किती प्रेमानं गळा कापतात ही माणसं.
घरी आल्यावर मर्सीला म्हटलं, तू सांग नाही म्हणून. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “आई, मला त्या घरात जन्म काढायचाय. मामाला समजावता येईल.”
एक ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही. लग्नाची पोर.

रवि. ५ मे
तिसऱ्यांदा नावं. ‘कोणाची हरकत?’ मी उभी राहिले.
सगळ्या माना वळल्या. म्हटलं, “मुलीच्या मामाला बाजूला काढलंय. माझी हरकत आहे.”
पा.सा. अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं, “बाई, हरकत म्हणजे आधीचं लग्न, जवळचं रक्त. ही हरकत होत नाही. बसा.” मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मर्सीने माझा पदर धरून मला खाली ओढलं. लाज तिला माझी वाटली, त्यांची नाही.
बाहेर थॉमसकाका गाठ पडलेच. “एवढं केलं आम्ही तुमच्यासाठी, रूथबाई.”

बुध. ८
समता-अभ्यासाला गेले नाही. तिथं माझ्यासाठी प्रार्थना झाली म्हणे, माझ्या मनातला कडूपणा जावा म्हणून. शांताबाईंचा निरोपही आला. तब्येत बरी नसली तर उद्या-परवा सांगा, लग्नात आईच्या जागी पाळकीणबाई उभ्या राहतील. तब्येतीला काय धाड भरलीय माझ्या!
मर्सी कामापुरतं बोलते.

शुक्र. १०
लग्न उद्या. दुपारच्या एसटीनं दान्या आला. दाढी घोटलेली, नवा शर्ट पिशवीत घडी घालून. मी त्याला काहीच कळवलं नव्हतं. धीर झाला नाही.
मर्सीने पाणी दिलं आणि तिथंच त्याच्यापुढं बसून सांगून टाकलं. थॉमसकाका, मंडळी, फोटो, सगळं. “मामा, तू मागं बस हं.”
दान्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, “व्हय की. मागून समदं दिसतंय.” तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते.
ती मेंदी काढायला शेजारी गेली. हा बसला पिशवीतून शर्ट काढून. चुरगळलाय, इस्त्री कर म्हणतो. मग विचारतो, “आक्का, तू कुटं बसनार?”
आईची जागा पहिल्या बाकावर, ह्याची मागं. इस्त्री तापू दे, म्हटलं.