डाव्या हाताचं मडगार्ड

नाना, गाडी कंपनीचीच निघाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ज्या धुळ्यात चहाच्या टपरीवरसुद्धा लोक तिला 'धुळ्यात ठोकलेली विलायत' म्हणून हसायचे, तिथेच परवा मी चारचौघांसमोर ते सिद्ध करून आलो. जळगावला परत येताना पारोळ्यापर्यंत एकटाच मोठमोठ्याने बोलत होतो. ऐकायला तुम्ही नव्हतात, म्हणून लिहायला बसलो.

गाडी तुम्हाला आठवत असेलच. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची, परदेशी, दोन सीटांची, फिक्या हिरव्या रंगाची. त्या कंपनीने साध्या लोखंडी बॉडीच्या गाड्या पुष्कळ काढल्या आणि शर्यतीसाठी हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या अगदी मोजक्या. आपली त्या मोजक्यांतली आहे, असं शेठ मरेपर्यंत सांगत राहिले, पण अ‍ॅल्युमिनियम तर इथेही ठोकता येतं आणि कागद वाळवीने खाल्लेले, मग ऐकतो कोण? आता शेठही नाहीत. पुतण्याने ठरवलं होतं, बॉडी नकली असेल तर ती उतरवून भंगारात द्यायची आणि इंजिन एखाद्या हौशी माणसाला विकून टाकायचं. शेठच्या पत्नीने, आपल्या अक्कांनी, एवढंच मागून घेतलं की आधी कुणाकडून तरी तपासून घेऊ. मुंबईहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार आले, आणि दुपारी मला अक्कांचा फोन. "तू नानांच्या हाताखालचा ना? मग ये लवकर. तो साहेब गाडीला नावं ठेवतोय, तीही इंग्रजीत."

साहेब माणूस भला होता. टॉर्च, पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र, मोबाइलमध्ये शेकडो फोटो. मला म्हणाले, "काका, बोनेट आतून बघा, हातोडीच्या खुणा आहेत. पुढचं डावं मडगार्ड उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे. कंपनी असं काम करेल? मागचं डावं तेवढं बघा, किती स्वच्छ. ते एकच मूळ वाटतंय." पुतण्या लगेच म्हणाला, "मग झालं तर. काढा बॉडी." अक्का खुर्चीत ताठ बसलेल्या.

मला एकदम तुमची शेड आठवली. आग्रा रोडच्या मागे, डोक्यावर तापलेला पत्रा. एका जुन्या विलायती गाडीचे दोन दरवाजे मी ठोकून ठोकून अगदी एकसारखे केलेत आणि शाबासकीची वाट बघत उभा आहे. तुम्ही येता, बिडी विझवता, तो तुमचा डावा हात दोन्ही दरवाज्यांवरून फिरवता. "हाई काय करं रे?" मी म्हणतो, "नाना, सारखे केले." "कोन सांगं व्हतं तुले? ह्या गाड्या बी हातघाईच बनाडेल शेतस. माणूसना दोन कान तरी सारखा ऱ्हातस का? जाय, व्हतं तसं कर." हाताने बनवलेल्या गाडीच्या दोन बाजू कधी सारख्या नसतात, हे तेव्हा पटलं नाही; त्या दिवशी मी रागाने डबा उघडला नव्हता.

परवा साहेबांना तेच सांगितलं, तुमच्यापेक्षा जरा गोड भाषेत. "साहेब, मोजक्या गाड्यांसाठी कोणती कंपनी साचे करत बसेल? तिथेही कुणीतरी नानाच बसला असणार हातोडी घेऊन." पुतण्या म्हणाला, "बोलणं सोपं आहे काका. पुरावा?"

मग मी बाह्या वर केल्या. आधी टिचकी मारत पूर्ण फेरी घेतली, बोनेट, दरवाजे, डिकी, चारही मडगार्डं. सगळीकडे तोच बारीक, लांबत जाणारा आवाज. पुट्टीचा मठ्ठपणा कुठेच नाही. पण आवाज काही कुणाच्या हातात देता येत नाही. हाताने बनवलेला भाग दुसऱ्या गाडीला नीट बसत नाही, म्हणून बनवणारे त्याच्या आतल्या कडेवर आपल्या गाडीचा नंबर ठोकून ठेवतात, हे तुम्हीच दाखवलेलं. इंजिनाजवळच्या पितळी पट्टीवर बॉडीचा नंबर होता. थिनरचा बोळा घेऊन बोनेटची कड पुसत गेलो. मळाखाली रंग, रंगाखाली अजून एक राखाडी थर, आणि त्याखाली पट्टीवरचेच शेवटचे तीन आकडे! दरवाज्यांना तेच. डिकीला तेच. पुढच्या दोन्ही मडगार्डांना, मागच्या उजव्याला, तेच. साहेब पँटची पर्वा न करता गुडघ्यावर आले आणि स्वतःच उजेड धरू लागले.

मागच्या डाव्याला मात्र नंबर नव्हता. मी हात आत घातला, आणि नाना, तो तिथेच थांबला. गाडीभर हातोडीच्या खुणा एका बाजूला कललेल्या, इथे दुसऱ्या. इतक्या बारीक, इतक्या शेजारी शेजारी, की बाहेरून यंत्राचं काम वाटावं. डावखुऱ्या माणसाचं काम. असा डावखुरा मी जन्मात एकच पाहिलाय.

"अक्का, ही गाडी नानांकडे कधी आली होती?"

अक्का दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. "तू जळगावला गेलास त्यानंतर. ह्यांनी केळीच्या ट्रॉलीला ठोकली, मागचं डावं मडगार्ड पार गेलं. मामंजींना कळलं असतं तर किल्ली गेली असती, म्हणून नानांकडून वचन घेतलं, कुठे बोलायचं नाही. पुढे ह्यांनाच भीती, एक तुकडा धुळ्याचा म्हटलं की लोक सगळीच धुळ्याची म्हणतील."

तर असं होतं ते! गाडी तुमच्या शेडमध्ये कुणीतरी पाहिली आणि गावाने ठरवून टाकलं की तुम्हीच ती ठोकून बनवली. टपरीवर तुमच्या तोंडावर चेष्टा व्हायची, तुम्ही चहा पीत बसायचात. एक वाक्य पुरे झालं असतं.

साहेब तिथेच अहवाल लिहायला बसले. बॉडी कंपनीची, मूळ. मागचं डावं मडगार्ड स्थानिक कारागिराचं. मी म्हटलं, "साहेब, ज्याच्या कामाला तुम्ही कंपनीचं म्हणालात, त्याला नाव नाही का?" ते ओशाळले, मग मनापासून हसले. तुमचं नाव वडिलांच्या नावासकट लिहून घेतलं, पुढे धुळे. मी दोनदा वाचून पाहिलं. तोवर पुतण्या गाडीला टेकून फोटो काढत होता. अक्का ओरडल्या, "ए, आधी हात पुस!"

निघताना साहेबांनी विचारलं, "ते मडगार्ड तुम्ही ओळखलंत कसं?" मी कानाला बोट लावलं. "आवाजावरून. हात तर नुसता खात्रीला घातला." जळगावात माझ्या कानाचं नाव आहे, लोक गाडी बंद करायच्या आधी मला तिचं इंजिन ऐकवतात, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. पण तुम्हाला खरं सांगतो. फेरीत तुमच्या मडगार्डावर मी तीन टिचक्या मारल्या, कंपनीचंच, असं मनाशी म्हटलं आणि पुढे गेलो. कानाला काही कळलं नाही. हे पत्र तुमच्या मुलीला नेऊन वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता ते काही जमत नाही. गाडीचं मी तिला तोंडी सांगेन, कानाचं तेवढं आपल्यातच राहू द्या.