मुक्कामी गाडीची खोली

वैशाख, १९८३

प्रिय शेषेराव,

सरजाच्या दहाव्याला तू आला नाहीस. तुझा निरोप मात्र आला. एसटीसाठी पुन्हा अर्ज करायचा आहे, बायको गेलेला माणूस म्हणून पहिली सही मी करावी, असं तुझा मुनीम सांगून गेला. उत्तर तुलाच लिहितो आहे.

लातूर जिल्हा झाला तेव्हा पारावरच्या सभेत तूच उभा राहिलास. कचेरी, दवाखाना, सगळं आता लातूरला. गाडी आली तर लातूरच्या तुझ्या अडतीलाही बरं आणि गावालाही, हे मुरुडच्या व्यापाऱ्यांना तूच पटवलंस. त्यांनी रस्त्याच्या मुरमासाठी वर्गणी दिली, दुष्काळानं रिकाम्या बसलेल्या गावानं अंगमेहनत केली. सरजानंही पाट्या वाहिल्या. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला खोली गावानं द्यायची असते. तुझं इथलं गोदाम रिकामंच होतं. "खोली माझी," म्हणालास. टाळ्या पडल्या.

मग गाडी सुरू झाली आणि कंडक्टर आला अहमदपूरचा भीमा. पाणी देताना कुणीतरी आडनाव विचारलं. बौद्ध आहे हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या मुनिमानं गोदामाला कुलूप घातलं. "बियाणं हाय आत," म्हणे. कसलं बियाणं? उंदीरसुद्धा उपाशी निघून गेले होते तिथून. वर पारावरचे कंडक्टरला हसले, "मास्तर, गाडीतच झोपा की. सरकारी हाय, तिला इटाळ न्हाई." सरजा पिठलं-भाकरी घेऊन गाडीपाशी गेली. भीमा म्हणाला, "वहिनी, आम्हाला सवय हाय." त्या शब्दानं ती घरी येऊन रडली. खोली नाही म्हणून थोड्याच दिवसांत डेपोनं मुक्काम बंद केला. पहाटे लातूरला निघणारी गाडीही गेली.

पुढच्याच महिन्यात पहाटे तिच्या छातीत कळ आली. बैल चारा छावणीत, म्हणून बैलगाडीही नाही. बाजेवर घालून मुरुडकडे नेलं, तिनंच मुरूम टाकलेल्या रस्त्यानं. मुरुड दिसू लागलं तेव्हा ती गेली होती. लोक दैव म्हणतात. कुलूप दैवानं घातलं नव्हतं, शेषेराव.

अर्जावर सही केली आहे. गावाला गाडी पाहिजे. पण खोली देणाऱ्याच्या जागी तुझं नाव खोडून माझं घातलं आहे. सरजाची खोली सारवून ठेवली आहे. डेपोत जाऊन कंडक्टर म्हणून भीमालाच मागितलं आहे. पहिल्या गाडीचा नारळ तू फोडावास, असं गाव म्हणतं. ये. पण आधी माझ्या ओसरीवर भीमाच्या शेजारी बसून जेवायचं. जमत नसेल तर लातूरलाच राहा, नारळ भीमा फोडेल.

अजून तरी तुझाच,
नरसिंग