तुझे सहा जोड

प्रिय दादा,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, जीभ मात्र अजून नवीकोरी आहे. लिहायला बसलोय ते त्यांच्या रिसीव्हरबद्दल. हो, तोच. रुपेरी तोंडाचा, लाकडी पेटीतला, रेडिओ आणि टेप ऐकायचा. ज्याचा आवाज बत्तीस वर्षांपूर्वी विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला आणि ज्याच्यापायी तू घर सोडलंस. तो मी उघडला. दुरुस्तही केला. आणि त्याचा आवाज कुणी घालवला होता, तेही सापडलं. पण सांगेन ते क्रमाने. क्रम सोडून मला काही सांगता येत नाही, यावरून तू मला कमी चिडवलेलं नाहीस.

गेल्या महिन्यात बाबांनी स्वतःच त्याच्यावरचं कापड काढलं. म्हणाले, "थोरल्याने मारला, तू जिवंत करतोस का बघू." खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. एक दिवसही कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस मी. पण आज या भागात जुन्या यंत्राचं कुणालाच काही उमगलं नाही, की लोक शेवटी माझ्या दुकानाची पायरी चढतात. पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली, चुका माझ्या मीच केल्या आणि त्या वहीत तारीखवार लिहून ठेवल्या. मला वाटलं, शिकलेल्या भावाने बिघडवलेलं न शिकलेल्या भावाने सुधारलं, असं एकदा घरात होऊन जाऊ दे.

तिथेच घसरलो. दुकानात माझा नियम पक्का आहे: आधी मोजायचं, मग उघडायचं. इथे मी उघडण्याआधीच गुन्हेगार ठरवून टाकला होता. तेव्हा एक बाजू मुकी झाली म्हणून तू मागच्या भागात, म्हणजे स्पीकरला जोर देणाऱ्या भागात, दोन ट्रान्झिस्टर बदलले होतेस. दोन्ही बाजू खणखणीत वाजायला लागल्या. दोनतीन महिन्यांनी दोन्हींचा आवाज बसला. मग दोष तिथेच असणार, दुसरा कुठे! तीन आठवडे मी तोच भाग उकरत होतो. कपॅसिटर बदलले, रोधक बदलले, तारासुद्धा बदलल्या. आवाज जिथल्या तिथे. माझी बायको रोज येता-जाता विचारायची, "काय, बोलली का सवत?" मी म्हणायचो, पुटपुटते आहे.

शेवटी लाज वाटून वहीचं पहिलं पान उघडलं आणि नवशिक्याला सांगावं तसं स्वतःला सांगितलं, की बाबा रे, आधी अर्धं कर. या रिसीव्हरच्या पाठीवर इंग्रजी यू अक्षरासारख्या दोन पितळी पट्ट्या आहेत, तुला आठवत असतील. त्या काढल्या की पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळे होतात. मी त्या काढल्या आणि माझ्या फोनमधलं गाणं थेट मागच्या भागात सोडलं. दादा, कपाटातल्या बशा वाजायला लागल्या! बायको ओले हात घेऊन धावत आली. मागचा भाग, तू हात लावलेला भाग, पहिल्यापासून निर्दोष होता. बिघाड पुढे होता, जिथे तू स्क्रूसुद्धा फिरवला नव्हतास. त्या स्क्रूंवरची कारखान्याची लाल लाख अजून जशीच्या तशी होती.

मग मी तुझं काम नीट पाहिलं. तीन आठवडे नुसतं संशयाने पाहत होतो. दोन ट्रान्झिस्टर, सहा जोड. एकाही ठिकाणी सोल्डर जास्त नाही, कमी नाही, तारेला मिठी मारल्यासारखं बसलेलं, आणि चमक अजून शाबूत. तीस वर्षं हेच काम करतोय, पण तुझ्या तेव्हाच्या वयात, बाविसाव्या वर्षी, मला असा एक जोड जमला नव्हता. ज्या सोल्डरिंग आयर्नने तू ते केलंस, तेच तू टेबलावर टाकून गेलास आणि मी उचललं. त्याच्यावर मी घर उभं केलं, आणि तू वाहतूक कचेरीत फायली लावत राहिलास.

आता पुढच्या भागाचं. टेप आणि रेडिओ यांमध्ये निवड करायची जी दांडी आहे, तिच्या स्विचमधून सगळा आवाज जातो. तो स्विच मी सोडवून उघडला. आतल्या पट्ट्यांवर पिवळट, चिकट राप बसला होता, त्या एकमेकींना नीट टेकतच नव्हत्या. बत्तीस वर्षांची धूळ त्यात माशीसारखी अडकलेली. नाकाशी धरला. शिलाई मशीनचं तेल. आईच्या त्या लांब चोचीच्या डबीतलं.

विसरलो होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी सोळा वर्षांचा होतो. तू रिसीव्हर दुरुस्त केलास तेव्हा बाबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या आठवड्यात घरात तुझंच नाव. मलाही काहीतरी करून दाखवायचं होतं. ती दांडी हलवली की खरखर व्हायची, म्हणून दुपारी कुणी नसताना मी फटीतून चार थेंब सोडले. खरखर थांबली. मीही खूश झालो. पुढे आवाज बसला, बाबा चार पाहुण्यांदेखत तुला म्हणाले, "घरातलं एक यंत्र ज्याला धड ठेवता आलं नाही, त्याच्या शिक्षणाला काय चाटायचंय?" आणि मी दाराआड उभा राहून म्हटलं, तेलाने काय बिघडतंय! गिऱ्हाइकाने स्विचमध्ये तेल घातलेलं दिसलं की आज मी त्याला फाडून खातो. पण ते चार थेंब आणि हे यंत्र यांची गाठ मी इतक्या वर्षांत घातली नाही. घालायची नव्हती, असंच म्हण.

स्विच धुतला, पट्ट्या चकचकीत केल्या, बसवला. आवाज भरून आला. दुसऱ्या सकाळी झाकण उघडंच ठेवून मी बाबांना टेबलाशी बसवलं आणि तेलापासून सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.  त्यांनी छापखान्यातलं आपलं जुनं भिंग मागितलं, ज्याने ते अक्षरांचे खिळे तपासायचे, आणि तुझे सहाही जोड एकेक करून पाहिले. चांगली दहा मिनिटं. मग म्हणाले, "ओळीत आहेत." जन्मभर खिळे जुळवलेला माणूस याच्यापुढे कौतुक करत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. मला एवढंच म्हणाले, "तू उशीर केलास." केला, दादा. माफी मागायचा मला सराव नाही. पण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक मी स्वतः शोधली, वहीत तारखेनिशी लिहिली आणि ज्याला सांगायची त्याला तोंडावर सांगितली. आता तुला सांगितली.

आणि हे पत्र तातडीने टाकतोय त्याचं कारण वेगळंच आहे. बाबांनी तुझा नंबर मागून घेतला आहे, मोठ्या अक्षरात स्वतः लिहून उशाशी ठेवला आहे. मी लावून देतो म्हटलं तर म्हणाले, "माझं मी बोलेन." काल दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. येत्या रविवारी सकाळी दहा ही वेळ त्यांनी ठरवली आहे. बोलतील काय, मला ठाऊक नाही. कदाचित नुसतं तब्येतीचं विचारतील, कदाचित तुलाच चार शब्द सुनावतील. त्यांचा नंबर तुझ्याकडे नाही आणि अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, हे मला माहीत आहे. एकदा वाजून बंद झाला, तर ते पुन्हा लावायचे नाहीत. म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर त्यांचा नंबर लिहिलाय. दादा, हा फोन उचल.

तुझाच,
चार थेंबांचा धनी, धाकटा