हळद कोणी लावली

३० सप्टें., मंगळ.
लॅबमधल्या मशीनला नवीन सुई बसवली. टंगस्टनची, टोकाला जवळजवळ एकच अणू. समोर सोन्याचा तुकडा, त्यावर रेणू. सुई टेकवायची नाही. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन आपोआप पार जातात आणि खालचा रेणू उजळतो. सरांना एका वेळी एकच प्रकाशकण हवा. जोडीने आले तर काम फुकट. माझं कॉन्ट्रॅक्ट दिवाळीपर्यंत. "रिझल्ट आला की तुझं बघू," सर.

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. सरांनी मशीनची पूजा मांडली.
"ये रे, दोन बोटं लाव."
"सर, आमच्याकडे करत नाहीत."
"मशीनला कसली जात?"
मी दारातच. सरांनी झाकणावर स्वस्तिक काढलं, मग नमुना ठेवायच्या धारकालाही हळदीचं बोट. पेढा मात्र घेतला मी. त्याला नाही कसं म्हणणार.

२ ऑक्टो., गुरु.
धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेलो. विठ्ठलवाडीची अर्धी चाळ तिथेच. आईला कालचं सांगितलं.
"हात नाही ना लावलास?"
"नाही."
"मग झालं."
झालं कसं? सरांचा चेहरा तिने पाहिला नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
हळद मी स्पिरिटने पुसली. अनघा मॅडम (पीएचडी इथेच करतात) म्हणाल्या, धारक पुन्हा भट्टीत तापवायला हवा. सर: "दोन दिवस जातील. पुसलंय ना? बसव."

६ ऑक्टो., सोम.
उजेड! नेहमीच्या कितीतरी पट. सरांनी समोसे मागवले. "पूजा फळली बघ. तू उगाच लांब राहिलास." सगळे हसले. मीही.

८ ऑक्टो., बुध.
मॅडमनी उजेड दोन डिटेक्टरांत वाटून पाहिला. कण एकेकटा येत असेल तर दोन्ही एकदम वाजत नाहीत. वाजले. पुन्हा पुन्हा. म्हणजे उजळतोय तो एक रेणू नव्हे, सोन्यावर भलतंच काही पसरलंय. धारक भिंगाखाली धरला. खाचेत पिवळं.
सर: "पुसलं कोणी?"
लावली कोणी, हे तोंडात आलं होतं. गिळलं.

९ ऑक्टो., गुरु.
मॅडम बदलापूरला जातात. स्टेशनपर्यंत एकाच रिक्षात.
"तुम्ही सांगा ना सरांना. भट्टीचं तुम्हीच म्हणाला होतात."
"अरे, माझा थिसिस त्यांच्या सहीवर अडलाय." उतरताना, "लावली असतीस दोन बोटं तर आज तुझ्यावर आलं नसतं."
मनापासून म्हणाल्या. तेच जास्त लागलं.

१० ऑक्टो., शुक्र.
सोमवारी प्रोजेक्टला पैसे देणारे पाहुणे येणार. सर: "विचारलं तर म्हण, साफ करताना माझी चूक झाली. एवढं बोल, दिवाळीनंतरही ठेवतो तुला." खांद्यावर हात ठेवून.
आई दोनदा म्हणाली, भात गार होतोय.

१३ ऑक्टो., सोम.
भट्टीतून काढलेला धारक, नवा नमुना. कण एकेकटे आले. टाळ्या. एका पाहुण्याने विचारलं, "फिर पिछले हफ्ते क्या हुआ था?" सर माझ्याकडे वळले. मॅडम स्क्रीनकडे.
मी म्हणालो, "पूजा की हल्दी लगी थी."
"हल्दी? किसने लगाई?"
"मैंने नहीं."
तो हसला, पुढच्या मशीनकडे गेला. सर माझ्याकडे न बघता त्याच्यामागे गेले. निघताना मॅडम हळूच म्हणाल्या, "उद्या ये."
सरांनी तसं म्हटलेलं नाही.