धुळीच्या माणसांना वजन नसतं

प्रिय दादा,

आपल्या घरच्या रीतीप्रमाणे आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अण्णा अजून तुझ्यावर रागावलेले आहेत, म्हणून फोनवर येत नाहीत. ते चूक आहे. मला तेव्हा तसंच वाटत होतं, पण वाटणं आणि असणं यांत फरक असतो हे अण्णांनीच शिकवलंय. खरं असं आहे की तुझा फोन आला की ते रिसीव्हर कानाला लावतात, तुझी हाक शेवटपर्यंत ऐकतात आणि हळूच खाली ठेवतात. मागच्या खेपेला मी शेजारीच उभी होते. त्यांनी रिसीव्हर ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाले, "हुबेहूब त्याचाच आवाज काढतात गं."

आता तुला कळलं असेल. नसेल कळलं तर सांगते, कारण तू गेल्यापासून अण्णांच्या 'धुळीनंतर' ह्या गोष्टीचे भाग वाचले नसशील. निदान वहिनीसमोर तरी नसशील. तू घर सोडलंस त्याच्या पुढच्याच भागात अण्णांनी शिडीवाल्याला, म्हणजे तुलाच, शीतगृहाबाहेर पाठवलं. जगभर धूळ बसल्यावर जी चार माणसं त्या जुन्या शीतगृहाच्या जाड भिंतींआड जगून राहिली, त्यांच्यातला सगळ्यात धीट तोच, आणि तोच गेला. मग अण्णांनी दाराचा कायदा लिहिला: बाहेर गेलेला माणूस परत येत नाही. परत येतं ते धुळीचं माणूस. ते तुमच्या माणसाचा चेहरा घेतं, आवाज घेतं, लहानपणीच्या आठवणीसुद्धा सांगतं. त्याला दार उघडायचं नाही. वाचकांना तो भाग फार आवडला. मी छपाईचे खिळे जुळवत होते, प्रत्येक ओळ हातातून गेली, आणि मला एवढंच वाटलं की अण्णा तुमच्या भांडणाचा राग गोष्टीवर काढताहेत. तू निघताना म्हणाला होतास ना, की तुमचं जग कधीच बुडालंय, बसा आत एकटेच. ते त्यांनी शब्दशः घेतलं, असं मी तेव्हा गमतीनं म्हणायचे.

ती गंमत आता राहिली नाही. पहिल्यांदा त्यांनी नळाचं पाणी पिणं बंद केलं. मग फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या, मशीन पुसायच्या. मग साखरेवरच्या गोळ्या सोडल्या, कारण पांढऱ्या भुकटीत धूळ मिसळता येते. मी समजावलं, रडले, एकदा चक्क ओरडले. त्यांचा एकच प्रश्न, "छापलंय कुठे?" आपल्या दोघांना त्यांनी असंच वाढवलं. मी सारखी आजारी म्हणून शाळेत उशिरा गेले, तोवर ह्या छापखान्याच्या खोलीतच शिकले, खिळ्यांवरची उलटी अक्षरं आधी आणि सुलटी नंतर. पाहुणे काही सांगू लागले तर अण्णा म्हणायचे, बोलणारा विसरतो, छापणारा विसरू शकत नाही. आता ते माझं नावसुद्धा कधीकधी विसरतात, पण छापलेला शब्द विसरत नाहीत.

म्हणून एका भागात मी चार ओळी घातल्या. सांगत तेच होते, मी जुळवत होते, आणि मध्येच माझ्या पदरच्या चार ओळी: किल्लीवालीनं, म्हणजे मी, सगळ्यांना गोळ्या वाटल्या, कोठीवाल्यानं, म्हणजे अण्णांनी, सगळ्यात आधी घेतली. पुस्तिका पिना मारून हातात दिली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि गोळी घ्यायला पाण्याचा पेला मागितला. दादा, मला आनंद व्हायला हवा होता. मी मागच्या खोलीत जाऊन कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. आपल्या घरात लेखकाचा शब्द कुणी बदलला नव्हता, आणि मी त्यांचा बदलला होता, त्यांच्याच भल्यासाठी, त्यांनाच न सांगता.

त्यानंतर मी थांबले नाही. शीतगृहातलं पाणी गोड झालं. माणसं वेळेवर जेवू लागली. कोपऱ्यावरचा पेपरवाला काका परवा गठ्ठा न्यायला आला आणि अण्णांदेखत कुरकुरला, ताई, हल्ली तुमच्याकडे कुणी मरतच नाही. गिऱ्हाईक विचारतं, सगळे औषध घेऊन नऊला झोपतात, हा प्रलय आहे की वृद्धाश्रम? अण्णा हसले. खूप दिवसांनी हसले. मला मात्र हसता आलं नाही, कारण काकाला माहीत नाही की त्या कंटाळवाण्या भागांवर आपल्या बापाचा जीव टिकून आहे.

आता दुसरी दुरुस्ती, ही जास्त कठीण. अण्णांचा पाय मुरगळलाय असं मी लिहिलं होतं. मुरगळलेला नाही. डाव्या पायाला जखम आहे, साखरेमुळे भरत नाही, आणि अंगठा काळा पडलाय. डॉक्टरीणबाई दोनदा घरी येऊन गेल्या. किल्लीवालीची बहीण म्हणून मी त्यांना गोष्टीत आणलं होतं, म्हणूनच अण्णांनी त्यांना आत घेतलं. त्या म्हणतात, घरी जेवढं करता येतं तेवढं झालं. ह्या महिन्यात दवाखान्यात आणलं तर अंगठ्यावर भागेल, उशीर केला तर पाय जाईल, आणि त्याहून उशीर झाला तर त्या काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी गाडी आणि पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं पाठवली. अण्णांनी मशीनचा लोखंडी दांडा उचलला आणि छापखान्याचं दार आतून लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ना जेवले ना बोलले. दारापलीकडून फक्त त्यांचा श्वास ऐकू यायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा जबरदस्ती नको, काळीज तेवढं घट्ट नाही. दांडा अजून त्यांच्या खुर्चीखाली आहे. मी एकदा लपवला तर त्यांना झोपच लागेना, म्हणून परत ठेवला.

तुला वाटेल, छाप ना, कोठीवाला दवाखान्यात गेला म्हणून. छापलं होतं. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. म्हणाले, वाट कोण दाखवणार? बाहेरची वाट फक्त शिडीवाल्याला ठाऊक आहे.

मग मला सुतार आठवला. उन्हाळ्यात तो खिडकी बसवायला आला होता. जाता जाता छापखान्यातल्या माळ्याच्या शिडीची ती तिसरी पायरी बदलतो म्हणाला, पाय ठेवला की किती करकरते. अण्णा शिडीपुढे हात पसरून उभे राहिले. ती पायरी राहू दे, एवढंच म्हणत होते. मला वाटलं, म्हातारपणीचा चिकटपणा. पण सुरुवातीचे भाग काढून वाचले तेव्हा उलगडलं. शेंबडा होतास तेव्हा तूच त्यांना सुचवलं होतंस की धुळीची माणसं सगळं उचलतात, फक्त वजन उचलू शकत नाहीत, त्यांच्या पायाखाली शिडी वाजत नाही. अण्णांनी ते छापलं होतं. कायदा करतानाही ते वाक्य त्यांनी खोडलं नाही. दादा, त्यांनी तुला बाहेर काढून दार लावलं, हे खरं. पण एक फट त्यांनी राखून ठेवली, आणि सुताराच्या हातूनसुद्धा ती बुजू दिली नाही.

म्हणून हे पत्र. येत्या भागाच्या पहिल्या पानावर मी दुरुस्ती छापते आहे: 'बाहेर गेलेला परत येत नाही, असं पूर्वी म्हटलं होतं. ते चूक आहे. ज्याच्या पायाखाली शिडी वाजते, तो आपला.' अण्णांनी न सांगितलेली ही पहिली दुरुस्ती. एकच प्रत काढावी असंही मनात आलं होतं, पण एका माणसासाठी छापलेली ती पुस्तिका नव्हे, फसवणूक. सगळ्यांसाठी छापते, काकाचा गठ्ठाही जाईल, मग ते खरं ठरवणं तुझ्या हातात. तू नाही आलास तर मी छापून खोटं बोलले असं होईल, आणि ते मला परत घेता येणार नाही. अण्णा दुपारी मशीनजवळच्या खुर्चीत बसतात. दार मी नुसतं लोटून ठेवीन. आत आल्यावर हाक मारू नकोस, पाया पडायला वाकू नकोस, आवाजावर आणि चेहऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. दांडा पोचणार नाही एवढं अंतर ठेवून भिंतीकडून शिडीपाशी जा आणि तिसऱ्या पायरीवर उभा राहा, पूर्ण वजन टाकून. वहिनीच्या हातचं खाऊन ते वाढलंच असेल, एकदाचं कामी येऊ दे. ते उठले तर खाली उतर आणि हात पुढे कर. बाहेरची वाट तूच दाखवायची आहेस. डॉक्टरीणबाईंची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असेल, पांढरे कपडे घातलेलं कुणी तिच्यात नसेल. भाग सोमवारी छापून होईल, रात्रीतून ते वाचतील. मंगळवारी, चौदा तारखेला, मी दाराची कडी काढते आहे.

तुझीच,
खिळी