मोठ्यानं बोलत केलेली कामं

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५२
बराकपूर

ह्यांची ती मोठ्यानं बोलत काम करायची सवय! स्टोव्ह उघडला तरी, "आता झाकण काढतोय. आता डावीकडे फिरवतोय." सहा वर्षं मी चिडवत आलेय. रविवारी तर मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "अहो, कुलूप दुरुस्त करताय की कीर्तन?" हे नुसते हसले.

आज ह्यांच्या पलटणीतले जाधव चहाला आले होते. डमडमजवळच्या शेतात गेल्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब निघाला, तो ह्यांनी सकाळी निकामी केला. जाधव सहज बोलून गेले, "वहिनी, खड्ड्यात साहेब एकटेच असतात. करतील ते टेलिफोनवर सांगतात, मी लांब बसून टिपतो आणि 'लिहिलं' म्हणतो. काही झालंच, तर कुठे चुकलं ते पुढच्याला कळावं."

आणि मी म्हणे कीर्तन! सहा वर्षांत एकदाही विचारावंसं का वाटलं नाही मला?

आत्ता बाहेर आमच्या बेबीच्या वेणीत रिबिनीची गाठ बसलीय. ती मुसमुसतेय आणि हे सोडवताहेत. "आता उजवं टोक धरलंय. आता हळूच ओढतोय." मी आत वही घेऊन बसलेय. इतकी वर्षं घरात हे बोलत राहिले आणि पलीकडून कुणी काही म्हटलंच नाही.

"गाठ सुटली," हे म्हणाले.

मी आतून म्हटलं, "लिहिलं."